गार्डसाहेबांचा मुलगा

"आमच्या तर घरातच रेल्वे होती," इंजिनाच्या चाकावर हात ठेवून हौसराव म्हणाला. "वडील गार्ड. हिरवं निशाण बघतच मी मोठा झालो."

शिरूर मोटर क्लबचे सभासद कौतुकानं ऐकत होते. कारेगावच्या जमिनी कारखान्यांना गेल्यापासून तालुक्यात गाड्या फार झाल्या होत्या आणि जायला ठिकाणं कमी पडत होती. म्हणून क्लब. या वेळची सहल दौंडला, एका ट्रस्टनं जुन्या इंजिन शेडमध्ये उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात. कल्पना हौसरावचीच. जेवणानंतर नवा अध्यक्ष निवडायचा होता आणि दुसरं नाव कुणी घेत नव्हतं. बाकीचे सगळे कालपर्यंत कांद्यात होते. क्लबला सरकारी नोकरीच्या घराण्यातला एक तरी माणूस हवा होता.

हौसराव मूळचा दौंडचाच. तरुणपणी तो शिरूरला आला, कारखान्यांना मजूर पुरवू लागला, आणि पैसा आला तसं त्यानं आपल्या मेलेल्या वडिलांना रेल्वेत चिकटवलं.

अडचण एकच होती. ती त्याच्या नव्या स्कॉर्पिओत पुढच्या सीटवर बसून आली होती. नव्या गाडीची पहिली सहल घरातल्या वडीलधाऱ्याला पुढं बसवूनच करायची, हा क्लबचा रिवाज. हौसरावच्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे आई, भामाबाई. वाटेत न्हावरे गाव मागं पडल्यावर त्यानं गाडीतल्या गाण्याचा आवाज कमी केला होता.

"आये, तिथं कुणापुढं काही बोलू नको."

"न्हाई बोलत बाबा. मला काय करायचंय?"

आणि खरंच ती बोलली नाही. इंजिनं बघितली, कंदील बघितले, काचेतली गार्डाची शिट्टी जरा जास्त वेळ बघितली. शेडच्या टोकाला एक मोठा फोटो लावला होता. इंजिनातून पाडलेली धगधगती राख, आणि त्या राखेत हात घालून अर्धवट जळलेला कोळसा वेचणाऱ्या बाया. एकीच्या पाटीला टेकून उघडं पोर बसलेलं, तोंड काळंमिट्ट. खाली ट्रस्टनं सुबक अक्षरात लिहिलं होतं : यार्डातील कोळसाचोर.

भामाबाई तिथं थांबली. हौसराव पुढं सटकायला बघत होता, पण ट्रकवाल्या पप्पूशेठनं त्याचा दंड धरला.

"आयला, पोरंबाळं घेऊन चोऱ्या! गार्डसाहेबांना लई ताप दिला आसंल ह्यांनी. काय ओ हौसराव?"

सगळे हौसरावकडे बघू लागले. त्याला गप्प बसता आलं असतं. पण होऊ घातलेल्या अध्यक्षाला गप्प बसणं शोभत नाही.

"ताप म्हणजे? वडील लाथा घालून हाकलायचे," तो म्हणाला. "असल्या बायांना दुसरी भाषा कळत नाही."

शेडभर हसू घुमलं. त्यात हौसरावचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कुणीतरी कॅमेरा काढला. क्लबचा फोटो इथंच, कोळसाचोरांपुढं काढायचा ठरलं. तेवढीच गंमत.

"आधी मातोश्रींना मधी घ्या," पप्पूशेठ म्हणाला. "या आई, लेकापाशी उभ्या ऱ्हावा."

भामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. हौसरावकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"सायबांची आई मी न्हवं," ती पप्पूशेठला म्हणाली. "ते लाथा घालणाऱ्याचं पोर. माझा ल्योक त्यो बघा, माझ्या पाटीला टेकून बसलाय."