कोपऱ्यापर्यंत स्पष्ट

“कुणी हलू नका!” जावई ओरडला.

कुणी हललं नाही. छापखान्याच्या अंगणात तीन रांगांत बसवलेली आणि उभी केलेली बावीस माणसं गेली पंचवीस मिनिटं हललीच नव्हती. जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती आणि जावईबापू तिसरी लेन्स लावत होते. पहिली लावून त्याने मागच्या भिंतीचा फोटो काढला होता. दुसरी लावून त्याच भिंतीचा. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर डावा कोपरा मोठा करकरून पाहिला आणि नाक मुरडलं. कोपऱ्यातल्या विटा पुसट येत होत्या.

“नमनालाच घडाभर तेल,” बाइंडिंगवाल्या काकू मागच्या रांगेत पुटपुटल्या.

छापखान्याचे फोरमन, म्हणजे त्याचे सासरे, आज निवृत्त होत होते. त्यांचा कामावरचा एकही फोटो घरात नव्हता. उद्यापासून निम्मी माणसं दुसऱ्या शाखेत जाणार, तेव्हा संधी हीच. “बाबा आणि त्यांची माणसं. एकच फोटो आण, पण आण,” बायकोने सकाळी बजावलं होतं. तिचंही चुकलं नव्हतं. चार वर्षांत या गृहस्थाने तीन कॅमेरे बदलले, सात लेन्स जमवल्या, आणि घरच्या भिंतीवर लावायला फोटो एक नाही. सासऱ्यांनी मात्र जावयावर भरवसा टाकून आपल्या घरी भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता.

सासरे पुढच्या रांगेत मधोमध वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. माणूस कडक. छापलेल्या कागदावर मुंगीच्या डोळ्याएवढा डाग दिसला तरी अख्खा गठ्ठा परत. ते मशीनवर आले की चाललेली थट्टामस्करी जागच्या जागी थांबायची. आज निरोपाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या आजूबाजूची माणसं पगार कापला जाणार असल्यासारखी बसली होती.

तेवढ्यात वाऱ्याने फ्लॅशची पांढरी छत्री स्टँडसकट आडवी केली. कटिंग मशीनवाला धावला आणि त्याने छत्री हातात धरली.

“तिरकी आहे,” सासरे खुर्चीतून म्हणाले. “उजवीकडे घे. अरे, उजवीकडे! सरळ रेघ कळत नाही का? आण इकडे!”

वाकडं काम बघत बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते उठले, कटिंगवाल्याला रांगेत पिटाळलं आणि कॅमेऱ्याशेजारी छत्री दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. चेहरा तोच, डाग शोधणारा. वाऱ्याला चेहऱ्याचं काय? त्याने छत्रीत शिरून त्यांना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं चार पावलं नाचवलं. डोक्यावरचे मोजके केस उभे राहिले. तरी साहेब गंभीरच.

आधी कटिंगवाला फुटला. मग काकू. मग तिन्ही रांगा पोट धरधरून हसू लागल्या.

“झकास! असंच हसत राहा!” जावयाला वाटलं, आपल्या सांगण्याचा गुण आला. त्याने मधोमध फोकस साधला, चारही कोपरे डोळ्यांत तेल घालून तपासले आणि बटण दाबलं. घंटा झाली. सासऱ्यांनी छत्री त्याच्या हातात कोंबली आणि “चला, मशीन चालू करा,” म्हणत सगळ्यांच्या आधी तेच आत गेले.

दुसऱ्या दिवशी जावई मोठा फोटो फ्रेम करूनच घरी आला.

“हा कोपरा बघ,” त्याने बायकोला दाखवलं. “विटांमधला चुना दिसतोय. आणि खुर्ची बघ, वेताची पट्टी न् पट्टी मोजून घे!”

“मोजली,” बायको म्हणाली. “तिच्यात बसलेले बाबा कुठे आहेत?”

त्याने फोटो पाहिला. सवयीने आधी कोपऱ्यांत पाहिलं. मग मधली खुर्ची दिसली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायको रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा त्या सातही लेन्सची लाज वाटली.

संध्याकाळी दोघं सासऱ्यांकडे गेले. म्हाताऱ्याने फ्रेम टेबलावर आडवी ठेवली आणि खणातून छपाई तपासायचं भिंग काढलं. छापखान्यात त्या भिंगाला सगळे टरकून असत. जावईही टरकला.

“बाबा, माझी चूक झाली,” तो म्हणाला. “तुम्हीच नाही आहात यात.”

“दिसतंय मला,” सासरे भिंगातूनच म्हणाले. “माझं तोंड मी रोज दाढी करताना बघतो.”

भिंग मागच्या रांगेपासून निघालं. काकूंपाशी थांबलं. एकेका माणसाला वेळ देत पुढे सरकलं. कोपरा आला, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी भिंग कटिंगवाल्यावर येऊन थांबलं ते हलेना. बायको जवळ सरकली. सासऱ्यांनी भिंग बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि हळूच म्हणाले,

“सव्वीस वर्षं हा माझ्या हाताखाली होता, जावईबापू. याला पुढचा दात नाही, हे मला आज कळलं.”