दीडपट वेळ

शनिवारी कॉलेज प्रवेशाची परीक्षा. कनेटिकटमधल्या त्या शाळेच्या दारात वाचन शिकवणाऱ्या टेडेस्कोबाई मुलांची नावं तपासत होत्या, आणि मागे दोन आयांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"आमच्या प्रेस्टनला दीडपट वेळ मिळाला बाई! वाचायला जड जातं, असा दाखला दिला डॉक्टरांनी."

"दीडपटच? आमच्या डॉक्टरांनी पेनेलोपीला दुप्पट मिळवून दिला. नंबर देऊ त्यांचा?"

जादा वेळवाली मुलं इतकी निघाली की त्यांना जिमच्या मोठ्या हॉलमध्ये बसवावं लागलं. नेहमीच्या वेळेची चौघंच होती, ती एका वर्गात मावली.

जिममधल्यांचं कधीच लिहून झालं. पण नियमाप्रमाणे वेळ संपेपर्यंत उठायचं नाही, म्हणून ती बिचारी 'हळू वाचणारी' मंडळी बाकावर डोकी टेकून झोपी गेली. 'यांना आजार एकच, आईबाप,' बाई मनात म्हणाल्या आणि वेळ संपल्याचं सांगायला वर्गात गेल्या.

तिघं उठली. रोवीना मात्र ओळीखाली बोट ठेवून अजून वाचतच होती. दोन वर्षं बाईंनीच तिला एकेक अक्षर जुळवायला शिकवलं होतं.

"अगं, तू जादा वेळ मागितला नाहीस?"

"मागितला ना. तुमचं पत्रही जोडलं होतं. पण शिक्षकांचं पत्र चालत नाही, तज्ज्ञाचाच दाखला हवा म्हणाले. त्याची फी आईला झेपली नाही."



बाईंनी तिच्या बोटाखालून पेपर काढून घेतला. जिममध्ये अजून दीड तास शिल्लक होता, आणि कुणीतरी घोरत होतं.