बुजण्याची परीक्षा

वकील भाच्यानं आत्याला बजावलं, “आदिवासी म्हणून मान्यता मिळवायची तर परक्यांसमोर बुजावं लागतं, असा नियमच आहे. साहेब येतील तेव्हा तोंडाला कुलूप!”

आत्या जन्मभर बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारत आलेली. बुजणं तिच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. पण प्रश्न अख्ख्या जमातीचा होता. तपासणीचे साहेब समोर बसून खोदून खोदून विचारू लागले, तरी तिनं मान खाली घातली ती घातलीच. हूं नाही की चूं नाही. शेवटी साहेब विरघळले. “किती बुजरी माणसं!” म्हणत त्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.



आत्यानं बसल्या जागेवरून आतल्या खोलीतल्या भाच्याला हाळी दिली, “काय रे मेल्या, मला जमायचं नाही म्हणत होतास ना?”