सोड

लंबू दारात उभी होती आणि चिमणी तिला आत ये म्हणत नव्हती.

"डावरीचा खांदा निखळलाय," लंबू म्हणाली. "निवड स्पर्धा तोंडावर आलीय. तुझ्याशिवाय कोण आहे गं मला?"

आता बरी आठवली चिमणी! आत आईने भांडं आपटलं. आपटणारच. वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये संघ दोघींचाच. एकीने दगा दिला की दुसरीने कुठे जायचं? मागच्या निवड स्पर्धेत लंबू आणि चिमणी जिंकल्या होत्या. अंगावरची वाळूही न झटकता आयोजकांच्या टेबलाशी गेल्या. जोडीदार निवडायचा हक्क जिंकलेल्या कप्तानाचा, आणि कप्तान लंबूने जागतिक स्पर्धेसाठी जोडीदार म्हणून डावरीचं नाव सांगितलं. चिमणीच्या देखत. "हिच्या गुडघ्याचा काही भरवसा नाही," एवढंच वर बोलली. गरज सरो, वैद्य मरो!

"खेळते," चिमणी म्हणाली. "एकच अट. टॉसला मी जाणार."

"एवढंच? दहादा जा, बाई!"

ती गेल्यावर आई भडकली. "लाजबिज आहे का तुला? नाहीतर असं कर, ऐन मोक्याला तोंडावर पाड तिला. सगळ्यांसमोर!"

"बघू," चिमणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती डावरीकडे गेली. तिच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली.

"जागतिक स्पर्धेपर्यंत बरा होईल ना?"

"डॉक्टर म्हणतात, नक्की होईल. पण उपयोग काय? जागा गेली की माझी."

"लंबू आली होती भेटायला?"

डावरीने मान फिरवली.

सराव सुरू झाला आणि दोघींचा जुना शब्द परत आला. लंबू जाळीशी, तिची पाठ चिमणीकडे. चेंडू बाहेर जातोय का, हे तिला दिसत नाही. मागून "सोड!" अशी हाक आली की तिने हात आवरायचा, कारण नुसतं बोट लागून चेंडू बाहेर गेला तरी गुण समोरच्यांचा. हाक खोटी निघाली तर मात्र संपलंच. लंबू सरावात प्रत्येक हाकेला एकदा मागे वळून बघायची. मनात पाप असलं की असंच होतं.

अंतिम सामन्यात शेवटच्या गुणाला समोरचीने चेंडू उंच लोटला, लंबूच्या डोक्यावरून. लंबू उडाली. बोटं पोचतच होती.

"सोड!"

प्रेक्षकांत आई उठून उभी राहिली. मागे बघायला वेळ नव्हता. लंबूने डोळे मिटून हात ओढून घेतला.

चेंडू रेषेबाहेर पडला. जिंकल्या!

लंबू चिमणीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "मला वाटलं, आज तू सूड उगवणार."

"हरून? वेडी का खुळी तू!"

हातात हात घालून दोघी टेबलाशी गेल्या. लंबूचं हसू काही मावळत नव्हतं.

"कप्तान कोण?" टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"मी. टॉसला कप्तान म्हणून मीच आले होते ना."

"जागतिक स्पर्धेला जोडीदार?"

"डावरी," चिमणी म्हणाली.

लंबूने तिचा हात घट्ट आवळला. चिमणीने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"सोड," ती म्हणाली.