आईला गाडी लागते

“घरात किती जण, साहेब?” जयराजनं विचारलं.

“चौघं,” ऋषिराज म्हणाला. “मी, बायको, मुलगी आणि आमचे अण्णा.”

त्याच्या आई, अंजनाबाई, तेव्हा त्याच्याच पुढ्यात चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. कमी साखरेचा कप त्यांनी लेकाच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. जयराज सांगलीच्या शोरूमचा माणूस, सगळं टिपणारा. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं.

“आईला गाडी लागते,” ऋषिराजनं खुलासा केला. “ती कुठं येतच नाही.”

“मग बिनधास्त घ्या. कागदावर सीटा पाच आहेत. पण मागं मधोमध उंचवटा आहे, वरून छप्पर उतरतं. खरं सांगायचं तर ही चौघांचीच गाडी.”

फाटकात ती उभी होती. गर्द निळी, जीपसारखी उंच चाकं, आणि मागून घसरत आलेलं छप्पर. तीन महिने तिनं ऋषिराजला धड जेवू दिलं नव्हतं. मलकापुरात त्याचं वर्कशॉप होतं. साखर कारखान्यांचे भलेमोठे रोलर त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे, आणि कुठला वाचेल, कुठला भंगारात जाईल, हे तो एका नजरेत सांगायचा. या गाडीपुढे मात्र त्याची मती चालत नव्हती. सकाळी घ्यायची ठरायची, दुपारी मोडायची. त्याच्याच धंद्यातल्या साताऱ्याच्या वीरधवलनं घेतली म्हणून ती हवीशी वाटायची, आणि वीरधवलनं घेतली म्हणूनच नकोशीही वाटायची. “एक तर घ्या, नाहीतर तिचा नाद तरी सोडा,” असं त्याची बायको श्रद्धा वैतागून म्हणाली होती. शेवटी आज जयराज गाडी घेऊन थेट दारात आला होता, आणि आज काय ते ठरवायचंच होतं.

“मागं कुणाला तरी बसवा,” जयराज म्हणाला. “मागच्या माणसाला कसं वाटतं तेही कळायला पाहिजे.”

श्रद्धा तिच्या नोकरीवर, मुलगी ज्ञानदा शाळेत, वडील अण्णा साताऱ्याला मिलिटरी कँटीनला गेलेले. घरात आईच काय ती होती. ऋषिराज स्वयंपाकघरात गेला.

“आई, धा मिन्टं बसशील का? लय लांब न्हेत न्हाई.”

“बसती की,” अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि टोपलीतलं लिंबू घेतलं. ऋषिराजनं एक प्लास्टिकची पिशवी नीट उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. सीट पांढऱ्या चामड्याची होती, आणि गाडी अजून दुसऱ्याची होती.

जयराज शेजारी बसला. हायवेला लागल्यावर ऋषिराज सगळं विसरला. उसाचे दोन ट्रॅक्टर त्यानं एका दमात मागं टाकले. आगाशिवच्या डोंगराकडे वळून वळणं जोरात घेतली, मुद्दाम करकचून ब्रेक मारून पाहिला. गाडी चांगली होती. फारच चांगली होती. तरी जीव थाऱ्यावर येईना. काहीतरी अडत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं. तेवढ्यात त्याला मागं बसलेली आई आठवली. आधी सीटची काळजी वाटली, मग आईची. घाबरतच त्यानं आरशात पाहिलं.

पिशवी घडी घालून बाजूला ठेवली होती. अंबाडा छपराला टेकत होता म्हणून अंजनाबाई मान तिरकी करून बसल्या होत्या. काचेला नाक लावून त्या बाहेर बघत होत्या. मुठीतल्या लिंबाला साधं नखही लागलेलं नव्हतं.

“आई, मळमळतंय का? माघारी फिरू?”

“न्हाई रं,” बाहेरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “आनखी जरा म्होरं घे की.”

त्यानं गाडी पुढं घेतली. आता पाय आपोआप हलका पडला. श्रद्धाला बघायला माधवनगरला निघाले होते, तो दिवस त्याला आठवला. जीप गच्च भरली होती. मामा उशिरा आले, आणि नवी साडी नेसून बसलेली आई खाली उतरली. “मला कसंतरीच व्हतंय, तुमी जावा,” म्हणाली. त्यानंतर कोकणात गेले, गोव्याला गेले. दर वेळी ती धपाट्यांचा डबा देऊन फाटकात उभी राहिली. त्याआधी तिला कधी गाडी लागली होती? त्याला एकही वेळ आठवेना. आटपाडीच्या बहिणीकडे, दगडाबाईकडे, ती एसटीनं एकटी जाऊन यायची. “एसटीत वारं लागतं, म्हणून तिला चालतं,” असं सगळे म्हणायचे. त्यानंही कितीदा म्हटलं होतं. आईला गाडी लागतच नव्हती. गाडीत जागा पुरत नव्हती, एवढंच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

फाटकात गाडी थांबली. अंजनाबाई उतरल्या आणि बसलेल्या जागेवरून त्यांनी तळहात फिरवला.

“घे बाबा,” त्या म्हणाल्या. “लय झ्याक हाय. तुमा चौघांस्नी बरुबर हुतीय.” मग लिंबू कनवटीला लावत हसल्या. “बरं हाय, मला गाडी लागती.”

आणि चहाचे कप विसळायला त्या आत निघून गेल्या.

जयराजनं बुकिंगचा फॉर्म पुढं केला. “काय साहेब, ठरलं ना?”

ऋषिराजनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

“मघाशी मी चुकीचं सांगितलं,” तो म्हणाला. “घरात पाच जण आहेत.”