खातं बंद करताना

“आज सम्राटचं खातं बंद करायचं, गौतमी,” नीलम मॅडम म्हणाल्या. “सोमवारी कारखान्याची माणसं सिस्टिम तपासायला येणार हायत. वर्षभर तुझ्याकडं बघून गप्प बसले. आता न्हाई जमायचं.”

“उद्या केलं तर?”

“हे तू कालपण म्हणाली होतीस.”

शिक्रापूरला हायवेलगत, टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. कारखान्यांच्या गेटवरच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. कुणाकडं कुठलं काम आहे आणि कोडमध्ये कुणी काय बदललं, हे जिथं नोंदलं जातं त्या सगळ्याची ॲडमिन गौतमी. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, तिच्याच हातात. आणि सम्राट तिचा नवरा.

दौंडच्या कारखान्याच्या कामांवर रोज सम्राटच्या नावानं एखाददुसरी ओळ यायची. ‘बदल केलाय, बघून घ्या मॅडम.’ ती खाली लिहायची, ‘मॅडम म्हणू नको, कितीदा सांगितलं?’ उत्तर यायचं, ‘सवय होत न्हाई.’

आता नवरा बायकोला मॅडम म्हणतो म्हटल्यावर नव्या लोकांना वाटणारच, की दोघांचं काहीतरी बिनसलंय. जुने लोक मान खाली घालून चहा प्यायचे. गौतमीचा मात्र त्या ओळीवाचून दिवस सरत नव्हता. सम्राटचं नाव समोर उमटायची तेवढी एकच जागा तिला उरली होती, आणि तीच आज स्वतःच्या हातानं बंद करायची होती.

शेजारी सारिका बसली होती. शिरूरची, नुकतीच लागलेली, तोंडानं जरा फटकळ. गौतमी तिला ॲडमिनचं काम शिकवत होती.

“खातं कधी डिलीट मारायचं न्हाई. माणसाचं नाव सगळीकडनं पुसलं जातं, मग जुनं काम कुणी केलं तेच कळत न्हाई. नुसतं बंद करायचं. आत येता येत न्हाई, पण नाव राहतं.”

“बरं.”

“त्याआधी त्याच्याकडची चालू कामं दुसऱ्याला द्यायची, न्हाईतर तशीच लोंबकळत राहत्यात. मग कोडमधल्या त्याच्या परवानग्या काढायच्या. आन् एकाचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा न्हाई. कुणी कितीबी गयावया केली तरी न्हाई.”

“कामं कुणाच्या नावावर टाकू?”

“दत्ताच्या. नवीन खातं काढ त्याचं. दौंडला असतो.”

सारिकानं दत्ताचं खातं काढलं, कामं टाकली. मग तिला राहवेना.

“मॅडम, राग मानू नका. एकदा दौंडला जाऊन भेटा की सरांना. हितनं लांब का हाय?”

“तिथं जाऊन तो भेटायचा न्हाई.”

“एवढे रुसलेत?”

“रुसला असता तर बरं झालं असतं गं. पाया पडून आणला असता.”

तिनं सम्राटच्या कामाखाली शेवटचं लिहिलं, ‘खातं बंद करतेय. काही बोलायचं असलं तर आत्ताच बोल.’

खाली हायवेवर ट्रक अडकले होते, हॉर्न थांबत नव्हते. मग सम्राटच्या नावानं एक ओळ आली, ‘काय बोलावं मला कळत न्हाई, मॅडम.’

गौतमीनं ओठ दाबून धरले, तरी डोळे वाहायचे ते वाहिलेच. कुणाला असं रडताना बघवत नाही. तिनं बटण दाबलं आणि यादीतलं सम्राटचं नाव फिकट झालं.

सारिकाला त्या माणसाची चीड आली. बायको इतकी विनवते आणि ह्याच्या तोंडून एक मायेचा शब्द निघू नये, म्हणजे काय काळीज म्हणायचं का दगड? ती तसं बोलणारही होती.

तेवढ्यात दत्ताच्या नव्या खात्यावरून पहिला निरोप आला. गौतमीला समोरचं दिसत नव्हतं. सारिकानंच तो मोठ्यानं वाचायला घेतला.

‘मॅडम, सरांचा अपघात झाला तवापासून तुमच्या शब्दाखातर त्यांच्या नावानं मीच लिहीत आलो. त्यांच्यासारखं बोलायला मला कधी जमलं न्हाई, माफ करा. पण ह्या वर्षातलं माझं काम माझ्या नावावर करू नका. त्यांच्याच नावावर राहू द्या. तेवढंच सर एक वर्ष जास्त जगले.’