कोपराची जागा

बाबा गेल्यावर त्यांची जुनी पिकअप ताईने दुरुस्तीला घेतली. "सुरकुत्या राहू देत, फक्त गुडघे बदलू," असं ती म्हणाली. तिने इंजिनाचं काम केलं, पण उडालेला रंग आणि गंज आहे तसाच ठेवून आम्ही दोघींनी त्यावर पारदर्शक लॅकर मारलं.

ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर बाबांचं कोपर घासून घासून पत्रा उघडा पडला होता. बाकी सगळीकडे लॅकर टिकलं. तिथलं मात्र कितीदा मारलं तरी दुसऱ्या दिवशी गेलेलं असायचं.

"तूच हात लावत असणार," ताई माझ्यावर डाफरली.

मग पुन्हा लॅकर मारलं आणि ते वाळल्यावर भर दुपारी आम्ही दोघी गाडीसमोरच ठाण मांडून बसलो. आईही येऊन बसली. कुणी जागचं हललं नाही. तरी आमच्या डोळ्यांदेखत तिथली चकाकी मंदावत गेली आणि खालचा पत्रा उघडा पडला.

ताईने माझा हात घट्ट धरला. मला भीती वाटत नव्हती, पण मोठ्याने श्वास घ्यायचाही धीर होईना.

आई उठली. पलीकडचं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसली. तिच्या वजनाने गाडी त्या बाजूला किंचित कलली.

मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली आणि गाडी हळूहळू सरळ झाली.